डोलमनचे पुस्तक



इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी अविवाहित होती आणि आपल्यामागे गादीवर कोण, हे ती कोणालाच कळू देत नव्हती. १५७१ च्या कायद्याने तर तिच्या पोटच्या संततीखेरीज अमुक एक जण वारस आहे, असे छापणेही गुन्हा ठरवले. वारस जाहीर करा असा धोशा लावणारा खासदार पीटर वेंटवर्थ लंडनच्या टॉवरच्या कैदेतच वारला.

अशा धाकात १५९५ च्या सुमारास अँटवर्पला छापलेले एक पुस्तक चोरवाटेने इंग्लंडात आले. लेखकाचे नाव आर. डोलमन. हे टोपणनाव, त्यामागचा मुख्य हात रॉबर्ट पर्सन्स या जेझुइट संघाच्या कॅथलिक धर्मगुरूचा. अर्पण केले होते थेट राणीच्या मर्जीतल्या अर्ल ऑफ एसेक्सला!

पुस्तकाचे भाग दोन. दुसऱ्यात एकेका दावेदाराची वंशावळ उलगडली आहे, आणि झुकते माप मिळते स्पेनच्या राजकन्येला, इसाबेलाला. आज तो भाग वाचताना कंटाळा येतो. खरी ठिणगी पहिल्या भागात आहे. नुसते रक्ताचे नाते पुरेसे नाही, राजा समाजाने नेमलेला असतो, तेव्हा समाजाला वारसाक्रम बदलताही येतो, आणि वारस पारखताना त्याचा धर्म आधी पाहावा, असे पर्सन्स बजावतो. त्याला कॅथलिक राज्य हवे होते. मला त्याचा हेतू पटत नाही, पण मांडणीपुढे मान तुकवावी लागते.

स्कॉटलंडच्या जेम्सने १५९८ मध्ये राजसत्ता ईश्वरदत्त असल्याचे सांगणारा ग्रंथ छापला आणि १६०३ मध्ये तो बिनविरोध इंग्लंडच्या गादीवर आला. पर्सन्सचा डाव फसला. त्याचा युक्तिवाद मात्र शिल्लक होता. १६४८ मध्ये पहिल्या भागातला मजकूर, मूळ लेखकाचे नाव न घेता, राजाशी लढणाऱ्या पार्लमेंटच्या बाजूने पुन्हा छापला गेला. पुढच्याच जानेवारीत जेम्सच्या मुलाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद झाला.

१६७९ मध्ये छपाईवरील परवान्यांचा कायदा संपला आणि लंडनमध्ये पत्रकांचा पूर आला. दुसऱ्या चार्ल्सचा भाऊ, यॉर्कचा ड्यूक, कॅथलिक. त्याला वारसाहक्कातून वगळा, ही व्हिग पक्षाची मागणी. उलट बाजूने, तेव्हा हयात नसलेल्या राजनिष्ठ लेखक फिल्मरचा ‘पॅट्रिआर्का’ १६८० मध्ये छापून, राजा हा प्रजेचा पिता, हे मत पुढे करण्यात आले. आणि १६८१ मध्ये डोलमन पुन्हा छापला गेला! कॅथलिक राणीसाठी रचलेले तर्क आता कॅथलिक राजाला रोखायला उभे होते. १६८३ च्या जुलैत ऑक्सफर्ड विद्यापीठाने ज्या ग्रंथांतील मतांचा धिक्कार केला, त्यांत मिल्टन आणि हॉब्ज यांच्या शेजारी डोलमन होता. त्याच डिसेंबरात राजसत्तेचा विरोधक अल्जरनॉन सिडनी याचा शिरच्छेद झाला, त्याच्याविरुद्धचा एक पुरावा होता फिल्मरला उत्तर म्हणून लिहिलेले, छापलेही न गेलेले हस्तलिखित.

शेवटी वारसाक्रम बदलण्याचा तोच विचार कायद्यात उतरला. १७०१ च्या कायद्यात पार्लमेंटने रक्ताने जवळचे पन्नासहून अधिक कॅथलिक वारस ओलांडले आणि हॅनोव्हरच्या सोफियाचा आणि तिच्या प्रॉटेस्टंट वंशजांचा हक्क लिहून ठेवला. त्याच कलमांनी १७१४ मध्ये तिचा मुलगा जॉर्ज गादीवर आला.