गणिताचे गुण आणि गणिताची समज



सहावी, सातवी आणि आठवी ही गणितातली उंबरठ्याची वर्षे. पाचवीपर्यंत मूल मोजते, मिळवते, वाटून देते. बोटे आणि पाढे त्याला पुरतात. सहावीत शून्याच्या पलीकडच्या ऋण संख्या येतात, मग ‘क्ष’ येतो, आठवीपर्यंत बैजिक राशींचे अवयव पाडण्याची वेळ येते. जुन्या मध्य प्रांतातल्या मराठी घरांत पावकी, निमकी, दीडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असलेली मंडळी बाजारात कागदाला हात न लावता हिशेब सांगत. त्या पाठांतराचे मोल कमी नाही. पण मिडलच्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या, वर्गात गणित एक पाऊल पुढे जाते आणि ‘असेच का?’ असे विचारू लागते. परीक्षेतले गुण मात्र अजून उत्तरालाच मिळतात.

एक साधे उदाहरण घेऊ. २/३ + १/५ किती? एका मुलीने अंशात अंश, छेदात छेद मिळवून ३/८ लिहिले. दुसऱ्या मुलाने छेद १५ केला, १० आणि ३ मिळवताना घाईत १२ म्हटले आणि १२/१५ लिहिले. तिसऱ्याने तिरपा गुणाकार करून १३/१५ हे बरोबर उत्तर काढले. मात्र ही संख्या एकापेक्षा मोठी की लहान, हे त्याला सांगता आले नाही. नुसते उत्तर तपासले तर पहिल्या दोघांना शून्य आणि तिसऱ्याला पैकीच्या पैकी. प्रत्यक्षात दुसऱ्याला अपूर्णांक कळला आहे, त्याची चूक बेरजेची आहे. पहिलीचे दुखणे खोल आहे: ३/८ हे २/३ पेक्षाही लहान, म्हणजे मिळवल्यावर रक्कम घटली, आणि तिला ते खटकले नाही. तिसऱ्याला रीत येते, अर्थ लागत नाही. तिघांना तीन वेगळे उपाय हवेत आणि गुणांच्या रकान्यात त्यातला एकही दिसत नाही.

बरोबरच्या चिन्हाचेही तसेच आहे. ८ + ४ = □ + ५ असे फळ्यावर लिहिले की चौकटीत १२ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात निघतात. ‘बरोबर’ म्हणजे ‘पुढे उत्तर लिही’ असे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. दोन्ही बाजू समान हव्यात, हे नसते. अशा मुलांना समीकरणे शिकवणे म्हणजे पाया न घालता माडी चढवणे. ‘पक्षांतर केले की चिन्ह बदलते’ हे ती घोकतात आणि निभावून नेतात.

आता परीक्षेकडे वळू. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितले. कल्पना चांगली होती. पुष्कळ शाळांत तिचे तक्ते भरण्याचे काम झाले. २०१९च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची, दोन महिन्यांत फेरपरीक्षा देऊन गरज पडल्यास मागे ठेवण्याची मुभा दिली. मध्य प्रदेशात राज्य शिक्षा केंद्र ही परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर घेते. आठवीचा निकाल २०२३मध्ये सुमारे ७६ टक्के होता, २०२५मध्ये ९० टक्क्यांवर गेला. त्याशेजारी ‘असर’ सर्वेक्षणाचा देशभरातल्या ग्रामीण मुलांचा आकडा ठेवून पाहावा. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येणारी आठवीची मुले २०१८मध्ये ४४.१ टक्के होती, २०२४मध्ये ४५.८ टक्के. दोन्ही मोजण्या वेगळ्या, तरी निकाल चढल्याने भागाकार येऊ लागतो असे समजू नये, एवढे त्यातून नक्की दिसते.

परीक्षा वेगळी असू शकते, याचा दाखला नर्मदेच्याच काठी आहे. आपल्या जबलपूरहून प्रवाहाबरोबर पश्चिमेला गेले की होशंगाबाद, म्हणजे आताचे नर्मदापुरम. १९७२मध्ये किशोर भारती ही संस्था आणि रसूलिया इथले फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी तिथल्या १६ मिडल शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. १९७८मध्ये तो जिल्हाभर पसरला, १९८२मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे चालवला. विषय विज्ञान होता, पण धडा गणितालाही लागू पडतो. आठवीच्या परीक्षेत पुस्तक आणि वही जवळ ठेवून उत्तरे लिहायची आणि प्रयोगही करून दाखवायचा. पुस्तक उघडे असल्यावर घोकलेल्या ओळी विचारण्यात अर्थ उरत नाही. विचार करायला लावणारेच प्रश्न काढावे लागतात. सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांनी हे केले. २००२मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला.

पुण्यात टेल्को कंपनीत काम करणारे अरविंद गुप्ता १९७८मध्ये रजा काढून याच कार्यक्रमात आले. आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्यांनी आकृत्या केल्या. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. चौकोनात एक कर्ण बसवला की तोही ताठ होतो. लोखंडी पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला हातातच कळते. पुढे गुप्तांनी पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हे काम वाढवले.

काड्यांसारखा संख्यांचाही खेळ करता येतो. एनसीईआरटीच्या सहावीच्या नव्या ‘गणित प्रकाश’ पुस्तकात देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या आली आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर तेच करत राहा. जबलपूर आणि नागपूर वेगळ्या राज्यांत गेले ते १९५६ साल घेऊ. ९६५१ − १५६९ = ८०८२; ८८२० − ०२८८ = ८५३२; ८५३२ − २३५८ = ६१७४. अशी कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचते. या खेळात वजाबाकीचा भरपूर सराव होतो, शिवाय ‘तीन अंकी संख्येत काय होईल?’ हा प्रश्न मूल आपणहून विचारते. त्या प्रश्नाला गुण देण्याची सोय शाळेने करायला हवी.

पालकांसाठी यातले काम अवघड नाही. निकाल लागला की टक्केवारीवर थांबू नये. शाळेकडे तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मागावी आणि चुकलेल्या प्रत्येक गणितापाशी मुलाला ‘हे कसे केलेस?’ एवढेच विचारावे. जबलपूरच्या मराठी मंडळींत निवृत्त शिक्षक आणि अभियंते पुष्कळ आहेत. त्यांनी आठवड्यातला एक तास मिडलच्या मुलांना द्यावा, आणि तो उत्तरे सांगण्यात न घालवता त्यांच्या चुका ऐकून घेण्यात घालवावा, ही विनंती.