मॉनिटर घ्यायचा, पण किती हर्ट्झचा?

गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की आपल्याला कारणं पाठ असतात. शेळी, शिलाई मशीन, कॉलेजची फी, दवाखाना, बियाणं. गेल्या दिवाळीनंतर आमच्या गटात एक नवीनच कारण आलं. एका ताईंनी १८,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं आणि कारण सांगितलं, "लेकीला मॉनिटर घ्यायचाय. गेम खेळायला."

बैठकीत आधी शांतता, मग एकदम गलका. "खेळायला कर्ज?" "तेवढ्यात दोन शेळ्या येतील." "पोरीच्या जातीला कशाला हवेत असले खेळ?" तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू बोलल्या, "गेल्या साली एकीच्या पोराला क्रिकेटच्या सामानाला पैसे दिले की आपण. तेव्हा कोणी शेळ्या मोजल्या होत्या का?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. मग ठरलं, कर्ज द्यायचं की नाही हे पुढच्या बैठकीत. त्याआधी वस्तू समजून घ्यायची. शेळी घेताना आपण दात बघतो, कास बघतो. मॉनिटरचं काय बघायचं, ते आधी कळायला हवं. या महिन्यात आम्ही जे शिकलो, तेच आज तुम्हाला सांगतो. उद्या तुमच्या घरातलं लेकरूही हीच मागणी घेऊन येईल.

ही मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेते. त्या पैशांतून तिने जुने सुटे भाग जमवून संगणक जोडून घेतला. त्याला स्क्रीन मात्र बंद पडलेल्या सायबर कॅफेतला, जुना. कॉलेजच्या चार मैत्रिणींबरोबर ती व्हॅलोरंट नावाचा खेळ खेळते. पाच जणींचा एक संघ, समोर पाच जणांचा दुसरा. खेळ फुकट आहे. पैसे लावून खेळायचा हा खेळ नाही, हे आम्ही आधी विचारून घेतलं. तसल्या पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली केंद्र सरकारने कायदा करून बंदी आणली आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धेचे खेळ, वेगळे धरले आहेत. २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊ शहरात आशियाई स्पर्धा झाल्या, तिथे ई-स्पोर्ट्सला पदकंही होती. तेव्हा हा पोरांचा निव्वळ रिकामा उद्योग आहे, असं म्हणून चालणार नाही.

आम्ही मुलीलाच बैठकीला बोलावलं. म्हटलं, "पोरी, तुला २७ इंची, २४० हर्ट्झचा मॉनिटर हवाय. हे २४० म्हणजे काय, ते आम्हाला समजेल असं सांग." तिने छान सांगितलं. पडद्यावरचं चित्र हलतं असं आपल्याला वाटतं, पण खरं तर एकामागून एक स्थिर चित्रं दाखवली जातात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, त्याला ६० हर्ट्झ म्हणतात. १४४ हर्ट्झचा १४४ वेळा बदलतो. यालाच रिफ्रेश रेट म्हणायचं. जितक्या जास्त वेळा चित्र बदलेल, तितकी हालचाल सरळ आणि स्वच्छ दिसते. समोरचा खेळाडू भिंतीआडून बाहेर आला, तर तोही किंचित आधी दिसतो.

किंचित म्हणजे किती? आमच्या खजिनदार ताईंनी लगेच मोबाइलवर भागाकार केला. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर ६० हर्ट्झवर दर १७ भागांनी नवीन चित्र येतं. १४४ वर दर ७ भागांनी आणि २४० वर दर ४ भागांनी. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलं की १० भाग वाचतात. १४४ वरून २४० वर गेलं की फक्त ३. पैसे मात्र दुसऱ्या उडीलाच जास्त लागतात. बायांनो, आजच्या बोलण्यातली पहिली गाठ इथे मारून ठेवा. मोठा फरक पडतो तो ६० सोडून १४४ च्या आसपास गेल्यावर. त्याच्या पुढचे आकडे, ज्यांचा खेळ आणि खिसा दोन्ही मोठे आहेत त्यांच्यासाठी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मॉनिटर फक्त चित्र दाखवतो, ते तयार करतो संगणक. त्यातही मुख्य काम ग्राफिक्स कार्डाचं. विहिरीवरची मोटार दोन इंची पाणी उचलत असेल, तर चार इंची पाइप टाकून शेत जास्त भिजत नाही. तसंच हे. कार्ड सेकंदाला १५० चित्रं देत असेल, तर २४० हर्ट्झचा मॉनिटर घेऊन उरलेल्या ९० चं काय करायचं?

मग तिचं कार्ड किती देतं? हे अंदाजाने सांगायची गरज नसते. खेळ चालू असताना सेकंदाला किती चित्रं तयार होतात, तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसू शकतो. त्याला एफपीएस म्हणतात. बऱ्याच खेळांच्या सेटिंगमध्ये तो दाखवायची सोय असते. आम्ही तिला आठ दिवस वही ठेवायला सांगितली. गटाचा हिशेब ठेवतो तशीच. तिच्याकडे जीटीएक्स १६५० नावाचं कार्ड आहे. वहीत आकडे आले ते असे: व्हॅलोरंट खेळताना १५० ते १८०, आणि जीटीए ५ हा जड खेळ चांगल्या चित्रावर खेळताना ६० ते ७०. तो वही घेऊन आलेला दिवस आम्ही विसरणार नाही. २४० चा हट्ट धरणारी मुलगी स्वतःच म्हणाली, "काकू, माझ्या संगणकाला १४४ किंवा १६५ पुरेसा आहे." आम्हाला नाही म्हणावंच लागलं नाही.

जिच्या घरी साधा संगणक आहे आणि वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही, तिने तर आणखी थांबून विचार करावा. तिथे १०० हर्ट्झचा साधा मॉनिटरही भरपूर झाला. उरलेले पैसे आधी संगणकावर घालावेत.

आता आकाराचं. २७ इंची मोठा, म्हणून चांगला असं आम्हालाही वाटलं होतं. पण मॉनिटरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. २४ इंचीवरही तेवढेच आणि २७ इंचीवरही तेवढेच. तेवढ्याच पिठाची भाकरी मोठी थापली तर ती पातळ होणार, तसं २७ इंचीवर जवळून बसलं की चित्र भरड दिसतं. २७ इंची घ्यायचा तर २५६० बाय १४४० ठिपक्यांचा घ्यावा. पण त्यात ठिपके पावणेदोन पटीच्या वर असतात, म्हणजे कार्डावर तेवढा भार जास्त. म्हणून कमी खर्चात बसवायचं असेल, तर २४ इंची फुल एचडी हाच सरळ मार्ग.

पडद्याचे तीन प्रकार दुकानात कानावर पडतात. आयपीएसमध्ये रंग चांगले आणि बाजूने बघितलं तरी चित्र फिकं पडत नाही. व्हीएमध्ये काळा रंग गडद दिसतो, पण स्वस्त मॉनिटरवर अंधाऱ्या दृश्यात हालचालीमागे सावली ओढल्यासारखी दिसू शकते. टीएन वेगवान असतो, पण बाजूने बघितलं की रंग उतरतात. अभ्यासही त्याच पडद्यावर होणार असेल, तर आयपीएस घ्यावा.

खोक्यावर '१ एमएस' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्याला भुलू नका. पुढे जीटीजी लिहिलंय की एमपीआरटी, ते बघा. जीटीजी म्हणजे ठिपका एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ. एमपीआरटी हे वेगळं माप आहे, आणि तो आकडा गाठायला बऱ्याचदा पडद्याचा उजेड कमी करणारी सोय चालू करावी लागते. दोन मॉनिटरची तुलना करायची तर एकाच मापाची करा. स्वस्त मॉनिटरवर एचडीआर लिहिलं असेल तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका, कारण त्याला लागणारा उजेड त्या किमतीत सहसा नसतो. मात्र ॲडॅप्टिव्ह सिंक किंवा फ्रीसिंक आहे का, हे जरूर विचारा. संगणक कमी-जास्त वेगाने चित्रं देत असला, तरी मॉनिटर त्याच्या तालावर चालतो आणि चित्र मधेच फाटल्यासारखं दिसत नाही.

दुसऱ्या बैठकीत ठराव झाला. मग आई, लेक, खजिनदार आणि आम्ही अशा चौघी जिल्ह्याच्या गावी गेलो. दोन दुकानं फिरलो. २४ इंची, आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्झचे मॉनिटर आम्हाला ९ ते १२ हजारांत सांगितले. १०० हर्ट्झचे साधे ७ हजारांच्या आसपास होते. दुकानदार सगळं त्या मुलीकडे बघून सांगत होता. आम्ही नुसत्या सोबत आलोय असं त्याला वाटलं असावं. मग तिच्या आईने विचारलं, "दादा, हा एक एमएस जीटीजी आहे की एमपीआरटी?" त्यानंतर तो आईकडे बघून बोलायला लागला.

दुकानातून निघण्याआधी मॉनिटर लावून बघायचा. पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, लाल, हिरवं, निळं असं एकेक चित्र लावायचं आणि मेलेला ठिपका आहे का ते बघायचं. एखादा ठिपका मेलेला निघाला तर बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारायचं. बीआयएसची खूण बघायची. पक्कं जीएसटी बिल घ्यायचं आणि त्यावर मॉनिटरचा अनुक्रमांक लिहून घ्यायचा. वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्तीचं केंद्र कुठे आहे, हे तिथेच विचारायचं. वॉरंटी असूनही कोणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी लागत नाही.

घरी आणल्यावर एक काम बऱ्याच जणांचं राहून जातं. मॉनिटर १६५ चा असला, तरी संगणक त्याला ६० वरच चालवत असू शकतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन तिथे मोठा आकडा निवडावा लागतो. तो दिसत नसेल तर केबल तपासा. जुन्या एचडीएमआय १.४ ला फुल एचडीवर सहसा १२० च्या पुढे जाता येत नाही. डिस्प्लेपोर्टची केबल बहुतेक वेळा हा प्रश्न सोडवते. ती मॉनिटरच्या खोक्यात आहे का, ते घेतानाच बघून घ्या. आणि केबल ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत लावा. आपल्याकडे वीज कमी-जास्त होते, म्हणून चांगला स्पाइक गार्डही घ्या.

आता पैशांचं. मॉनिटर आणि स्पाइक गार्ड मिळून १०,००० मध्ये बसलं. आमच्या गटाचा व्याजदर शेकडा २ रुपये महिना, उरलेल्या मुद्दलावर. महिना १,००० मुद्दल फेडलं तर दहा महिन्यांत व्याज १,१०० रुपये होतं. १८,००० घेऊन दहा महिन्यांत फेडले असते तर व्याज १,९८० झालं असतं आणि पहिलाच हप्ता २,१६० चा आला असता. शिकवणीच्या पैशांत तो बसला नसता. आता हप्ता मुलगी भरते आणि पासबुकावर आईची सही असते. उरलेले ८,००० गटात राहिले. त्यातून त्याच महिन्यात दुसऱ्या एका ताईंच्या पिको मशीनला पैसे देता आले.

ठरावात आम्ही तीन अटीही लिहिल्या, मुलीच्या संमतीने. खेळातल्या शोभेच्या वस्तूंवर पैसे घालायचे नाहीत. बँकेचा किंवा यूपीआयचा तपशील खेळात साठवून ठेवायचा नाही. परीक्षेच्या महिन्यात खेळ बंद. या अटी आम्ही मुलगी म्हणून घातल्या नाहीत. आता कोणाचाही मुलगा खेळासाठी मागणी घेऊन आला, तरी याच अटी लागू, असं इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे.

तर मैत्रिणींनो, अशी मागणी तुमच्या बैठकीत आली तर पाच प्रश्न विचारा. कोणते खेळ खेळणार? संगणक सेकंदाला किती चित्रं देतो, आठ दिवसांची वही आहे का? आकार आणि ठिपके एकमेकांना शोभतात का? केबल आणि वॉरंटीचं काय? आणि हप्ता कोण, कशातून भरणार? उत्तरं मिळाली की हो म्हणणंही सोपं जातं आणि नाही म्हणणंही.

त्या ताईंना खेळ अजून कळत नाही. पण परवा सांगत होत्या, "आता शेजारी बसले की ती आपणहून सांगते, आई, हा बघ, हा माझ्या बाजूचा." तुमच्या गटात अशी मागणी आली असेल, तर तुम्ही काय ठरवलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात बोलू संगणकावर गटाचा हिशेब ठेवण्याविषयी. नमस्कार.