विद्यार्थ्यांसाठी हलका लॅपटॉप : निवड कशी करावी?



पैनगंगेच्या दक्षिणेकडील आदिलाबाद जिल्ह्यात मराठी ही केवळ शेजारच्या राज्याची भाषा नाही. बेला, जैनथ, तामसी या भागांतील अनेक घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले, तर आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. २०१४ पासून तो जिल्हा तेलंगणात आहे. त्यामुळे तेथील विद्यार्थ्याला घरी मराठी अथवा गोंडी, व्यवहारात तेलुगू आणि उच्च शिक्षणात इंग्रजी अशा अनेक भाषांशी गाठ घालावी लागते. अशा विद्यार्थ्याने लॅपटॉप कोणता घ्यावा, हा प्रश्न चैनीचा नाही. कापसाच्या हंगामात हाती आलेल्या रकमेचा मोठा भाग त्यात जातो आणि चुकीची खरेदी पुढील तीन-चार वर्षे निस्तरावी लागते.

प्रथम गरज ओळखावी. शालेय अभ्यासापुरते वाचन व थोडे लेखन मोबाईलवरही होऊ शकते. त्यासाठी घाईने कर्ज काढू नये. महाविद्यालयात गेल्यावर मात्र प्रकल्प-अहवाल, टिपणे, अर्ज आणि आपल्या परिसराविषयीचे ब्लॉगलेखन या सर्वांसाठी स्वतंत्र कळफलक असलेले यंत्र उपयोगी पडते. या कामांना फार शक्तिमान यंत्र लागत नाही. खेळांसाठी बनविलेले लॅपटॉप महाग असतात आणि त्यांचे वजन बहुधा दोन किलोंच्या पुढे जाते. शिवाय त्यांचे चार्जरही जड असतात.

रोज बसने ये-जा करणाऱ्या अथवा वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यास तेरा ते चौदा इंची पडद्याचा, सव्वा ते दीड किलो वजनाचा लॅपटॉप सोयीचा ठरतो. वजन पाहताना चार्जरही तराजूत धरावा. पिशवीत दोन्ही वाहून न्यावे लागतात. वीज खंडित होणाऱ्या गावांत बॅटरीचे महत्त्व विशेष आहे. तिची क्षमता वॅट-तासांत दिलेली असते. लेखन-वाचनात यंत्र सुमारे ८ वॅट वीज वापरत असेल, तर ५० वॅट-तासांची बॅटरी सव्वासहा तास पुरते. जाहिरातीतील तासांपेक्षा हा साधा भागाकार अधिक विश्वासार्ह आहे. आदिलाबादचा उन्हाळा कडक असतो. तापलेल्या पत्र्याच्या खोलीत किंवा बंद वाहनात लॅपटॉप ठेवल्यास बॅटरीचे आयुष्य घटते, हेही ध्यानात असावे.

हलकेपणाची काही किंमतही मोजावी लागते. अनेक सडपातळ लॅपटॉपांत रॅम मूळ पाटीवरच पक्की जोडलेली असते. ती नंतर वाढविता येत नाही. म्हणून खरेदीच्या वेळीच किमान ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असल्याची खात्री करावी. पेनड्राइव्ह व प्रोजेक्टर जोडण्याच्या खाचाही अशा यंत्रांत कमी असतात. आपल्याला लागणाऱ्या खाचा आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. दुरुस्ती केंद्र कोठे आहे, याची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी. आदिलाबादहून नागपूर सुमारे २०० व हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर आहे. प्रत्येक बिघाडासाठी असा प्रवास परवडणारा नाही.

यानंतर भाषेचा विचार येतो आणि याच बाबीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात भारतीय लिपींतील समान ध्वनींची अक्षरे एकाच जागी येतात. ज्या कळीवर देवनागरीत ‘क’ उमटतो, त्याच कळीवर तेलुगू लिपीतील ‘क’ उमटतो. मराठी टंकलेखन शिकलेल्या मुलाला तेलुगू टंकलेखन त्यामुळे फारसे जड जात नाही. दुकानातच ‘बाळ दऱ्याखोऱ्यांत खेळले’ असे वाक्य टंकून पाहावे. ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ नीट उमटतात का, कळा बोटांना सुखावह आहेत का, हे तत्काळ कळते. लेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या यंत्रावर अनेकदा अर्थहीन चिन्हांचा होतो.

या प्रदेशात भाषा आणि लेखनसाधने यांचे नाते जुने आहे. १९४३ च्या सुमारास मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम सुरू झाले आणि गोंडी वाचनपाठांसाठी देवनागरी लिपी योजिली गेली. आदिलाबाद जिल्ह्यातीलच गुंजाला गावी सापडलेल्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आज योग्य फॉन्ट बसविल्यास एका साध्या लॅपटॉपवर मराठी, तेलुगू आणि गुंजाला गोंडी या तिन्ही लिपींत लिहिता येते. गावातील वृद्धांकडील कथा, बियाण्यांची नावे, सणांच्या रीती यांची नोंद घरातील मुलगाच किंवा मुलगीच करू शकते.

शिक्षकांनी खरेदीपूर्वी पालकांना या गोष्टी समजावून सांगाव्यात. शाळेत अथवा ग्रामपंचायतीत उपलब्ध असलेल्या यंत्रावर विद्यार्थ्यांना आठवडाभर इन्स्क्रिप्टचा सराव करू द्यावा. अधिकाऱ्यांनी सामूहिक खरेदी करताना किमतीबरोबर वजन, बॅटरी, दुरुस्तीची सोय व भारतीय भाषांची चाचणी यांचाही निकष ठेवावा. खांद्याला न जाचणारे, घराला न बुडविणारे आणि मुलाला स्वतःच्या भाषेत लिहू देणारे यंत्र हीच या बाबतीत शहाणपणाची निवड होय.