इतिहासातला ग्वान यू आणि देवळातला



तुमचं ऐतिहासिक नाटक पाहताना मला चीनचा ग्वान यू आठवला. लालभडक चेहरा आणि छातीवर रुळणारी दाढी दिसली की तिकडचे प्रेक्षक त्याला लगेच ओळखतात.

हा सेनापती खरोखर होऊन गेला. लिऊ बेईचा हा विश्वासू सरदार इ.स. 200 मध्ये लिऊ बेईचा प्रतिस्पर्धी छाव छाव याच्या हाती सापडला. छाव छावने त्याला कैदेत न डांबता मानसन्मान दिला, भरपूर भेटी दिल्या. ग्वान यूने छाव छावच्या शत्रूचा सरदार यान लिआंग याला रणांगणात मारून उपकार फेडले, सगळ्या भेटी तिथेच ठेवल्या आणि तो आपल्या धन्याकडे निघून गेला. त्याचा पाठलाग करू नका, असं खुद्द छाव छावने बजावलं. तिसऱ्या शतकातल्या चेन शौ या इतिहासकाराने हे लिहून ठेवलं आहे.

त्याच चेन शौने पुढचंही लिहिलं. शेजारचा सत्ताधीश सुन च्वान याने आपल्या मुलासाठी ग्वान यूची मुलगी मागितली, तर ग्वान यूने दूताचा अपमान करून नकार दिला. 219 साली तो उत्तरेत फानचेंगला वेढा घालून बसला असताना सुन च्वानच्या फौजेने मागून त्याचा प्रांत बळकावला. तो पकडला गेला, मारला गेला. चेन शौने त्याच्या गर्वावर स्पष्ट बोट ठेवलं आहे. मला वाटतं, भेटी नाकारणारा ताठ कणा आणि दूताचा अपमान करणारा ताठ कणा एकच होता.

लिऊ बेई, ग्वान यू आणि त्यांच्या आणखी एका साथीदाराने पीचच्या बागेत एकमेकांना भाऊ मानण्याची घेतलेली शपथ मात्र इतिहासात नाही. ती लुओ ग्वानचोंगच्या नावावर असलेल्या ‘तीन राज्यांची कथा’ या कादंबरीने घरोघरी नेली. पुढे मिंग सम्राटांनी ग्वान यूला देवांमध्ये सम्राटपद दिलं. ताओपंथी त्याला पुजतात, बौद्धांनी त्याला विहारांचा रक्षक मानलं, दुकानदारांनी धनाचा देव. हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांतही त्याची मूर्ती असते आणि गुन्हेगारी टोळ्याही त्यालाच हात जोडतात. दोघांनाही हवी असते शब्दाला जागणारी माणसं.

मुंबईत माझगावलाही चिनी समाजाचं एक देऊळ आहे. तिथे वरच्या मजल्यावर ग्वान यूच आहे. जमेल तेव्हा जाऊन या, मनोभावे नमस्कार करा आणि त्या अपमानित दूतालाही विसरू नका.