शरीराचा तोल ढळतो तेव्हा
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



या व्यासपीठावर इयत्ता चौथीत भाषण विसरून मी रडले होते. आज शाळेने पुन्हा संधी दिली, याबद्दल मी ऋणी आहे. महोत्सवाच्या मंगल प्रसंगी 'सेप्सिस' हा विषय काहींना खटकेल; परंतु डॉक्टर झालेल्या विद्यार्थिनीने शाळेला द्यावे असे याहून उपयुक्त माझ्यापाशी काही नाही.

'सेप्सिस' हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ कुजणे. जखम चिघळली की आपणही 'सेप्टिक झाले' असे म्हणतो. 1847 मध्ये व्हिएन्नातील इग्नाझ सेमेलवाईस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्यास भाग पाडले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्यांचे म्हणणे मात्र बहुतेकांनी मानले नाही.

पुढे जंतू सापडले, प्रतिजैविके आली. तरीही जंतू मेल्यावर रुग्ण का दगावतो, हे कोडे उरलेच. 1991 मध्ये तज्ज्ञांनी व्याख्या केली : जंतुसंसर्ग, आणि शरीराचे तापमान, नाडी, श्वासगती व पांढऱ्या पेशी या चारांपैकी किमान दोहोंत बिघाड. पण साध्या फ्लूतही ताप चढतो आणि नाडी धावते. ते तर शरीराचे योग्य प्रत्युत्तर असते. म्हणून 2016 मध्ये व्याख्या बदलली. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेले प्रत्युत्तर बेताल होऊन अवयवांचे कार्य बिघडते आणि जीव धोक्यात येतो, ती अवस्था म्हणजे सेप्सिस.

चोर शिरला म्हणून सारा गाव अंधारात काठ्या घेऊन धावावा आणि त्या झटापटीत घराचीच मोडतोड व्हावी, तसे हे आहे. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव पाझरतो, रक्तदाब उतरतो; सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होतात. मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू यांना प्राणवायू पुरत नाही.

आता एक कबुली देते. मी शिकाऊ डॉक्टर असताना एका रात्री एक वृद्धा आल्या. या हिंदी मुलखात मराठी रुग्ण भेटला, म्हणून मला आनंदच झाला. सून म्हणाली, "सासूबाई सकाळपासून काहीतरीच बोलताहेत, आणि लघवीलाही गेलेल्या नाहीत." ताप नव्हता. मी म्हटले, "वय झालं आहे, आजींना विश्रांती द्या." आणि गोळ्या देऊन घरी पाठवले. पहाटे त्या परतल्या तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. मूत्रमार्गातील संसर्ग साऱ्या शरीराला भोवला होता. वृद्धांमध्ये अशा वेळी ताप नसूही शकतो, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या सुनेने तर निदानच माझ्या मातृभाषेत मला सांगितले होते. मी शब्द ऐकले. त्यांचा अर्थ ऐकला नाही.

म्हणून खुणा ध्यानात ठेवा. संसर्ग झालेला किंवा तशी शंका असलेला माणूस अकस्मात गोंधळला, पेंगू लागला, श्वास जलद झाला, लघवी थांबली, हातपाय गार पडले किंवा त्वचेवर डाग उमटले, तर सकाळची वाट पाहू नका. तान्ही बाळे, वृद्ध, बाळंतिणी, मधुमेही आणि कर्करोगावर उपचार घेणारे यांना धोका अधिक. रुग्णालयात नि:संकोच विचारा, "हा सेप्सिस तर नसेल?"

उपचारांत वेळेला फार मोल आहे. रक्तदाब कोसळला असेल, तर पहिल्या तासातच प्रतिजैविक शिरेतून द्यावे लागते. तत्पूर्वी जंतूंच्या तपासणीसाठी रक्त घेतात. मात्र त्यापायी औषध लांबवत नाहीत. रक्तातील लॅक्टेट मोजले की पेशींची उपासमार कळते. रक्तदाब उतरला असल्यास पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे सुमारे 30 मिलिलिटर सलाईन, म्हणजे 60 किलोच्या माणसाला जवळजवळ 2 लिटर, देतात. तेवढ्याने भागले नाही तर नॉरॲड्रिनलीन. आणि मूळ उपटावे लागते : गळू असेल तर पू काढणे, अडलेला मूत्रमार्ग मोकळा करणे. बरे झाल्यावरही थकवा व विस्मरण महिनोन्महिने रेंगाळू शकते. त्याला आळस म्हणू नये.

2017 या एका वर्षात जगात सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला आणि 1 कोटी 10 लाख दगावले, असा अंदाज आहे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने याविषयी ठराव केला. ठराव घरात आणायचा तर हात धुवा, लसी वेळेवर घ्या, जखम स्वच्छ ठेवा. आणि उरलेली प्रतिजैविके मनाने घेऊ नका. त्यामुळे जंतू निर्ढावतात आणि खऱ्या प्रसंगी औषध निकामी ठरते.

मराठी शाळेत शिकून काय मिळाले, असे मला परप्रांतात अनेकदा विचारले जाते. गुरुजनांनी मला शब्दांकडे लक्ष द्यायला शिकवले होते. एका रात्री मी तो धडा विसरले. त्यानंतर "आज हे नेहमीसारखे नाहीत" असे कोणत्याही भाषेत कोणी म्हटले, की मी खुर्ची ओढून रुग्णाजवळ बसते. आपणही घरातल्या माणसाचे असे बोलणे ऐका आणि डॉक्टरांना ऐकवा.

शाळेच्या शतक महोत्सवास शुभेच्छा देऊन थांबते.