बोटीच्या मागची फळी

गोदावरीला पूर आला की नाशिककर रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी त्याच्या कमरेला लागले, छातीला लागले, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची इथली जुनी रीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नाशकात असाच मोठा पूर आला. खाली निफाड तालुक्यात सायखेडा, चांदोरी या गावांतही पाणी शिरले. अशा वेळी माणसे बाहेर काढायची ती बोटीनेच. म्हणून आज बोटीच्या एका भागाविषयी बोलणार आहे. तो भाग बिघडला तरी दिसत नाही, आणि नेमका गरजेच्या वेळी दगा देतो.

अॅल्युमिनियमची बोट आपण पाहिली असेल. पत्रा हलका, गंज नाही, चार माणसे सहज उचलून नेतात. पण तिच्या मागच्या बाजूला, जिथे इंजिन टांगतात, तिथे पत्र्याला आतून जाड लाकडी फळी दिलेली असते. पत्रा पातळ, एकट्याने त्याला इंजिनाचे वजन आणि रेटा सोसणार नाही. सारा भार ही फळी घेते.

आता ही फळी कुजते कशी? लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल, हवा आणि ऊब ही तिन्ही लागतात. कोरडे लाकूड कुजत नाही. पूर्ण पाण्यात बुडालेलेही सहसा लवकर कुजत नाही, कारण तिथे हवा पोचत नाही. घात होतो तो अर्धवट ओलीत. बोल्टच्या भोकांतून थोडे थोडे पाणी आत झिरपते, पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये कोंडते. वरचा रंग मात्र चकचकीत राहतो!

तेव्हा परीक्षा करावी ती मे महिन्यात. फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर संशय घ्यावा. बोल्टजवळ दाभण टोचा. ते लोण्यात शिरावे तसे शिरले, तर फळी गेली असे समजा. इंजिन धरून हलवताना मागचा पत्रा लवत असेल, तरीही तेच.

फळी बदलताना जुनी फोडण्यापूर्वी तिचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावा. जाडीही मोजून ठेवावी. नवी फळी मरीन प्लायवूडची घ्यावी. त्यावर भारतीय मानक ७१० असा शिक्का असतो. फर्निचरचे स्वस्त प्लायवूड इथे चालणार नाही. आणखी एक गोष्ट सुताराला आवर्जून सांगा. तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड किंवा पितळी स्क्रू इथे वापरू नयेत. ओलीत तांब्याशी संबंध आला की अॅल्युमिनियम झिजते, आणि कुजण्यापासून फळी वाचवताना पत्र्यालाच भोके पडतात. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत.

यानंतरचे काम म्हणजे पाणी बंद करणे. लाकूड पूर्ण वाळल्यावरच त्याला इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत. ओल्या लाकडावर दिले, तर ओल आतच कोंडते. कडांना अधिक द्यावे. बोल्टची भोके आधी गिरमिटाने मोठी पाडून इपॉक्सीने बुजवावीत, आणि ती घट्ट झाल्यावर मधोमध बोल्टच्या मापाचे भोक पाडावे. म्हणजे बोल्टभोवती उघडे लाकूड उरत नाही. बोल्ट बसवताना भोकात सीलंट भरावे. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून उघड्या भागावर रंग हवाच. काम हातमोजे घालून, मोकळ्या हवेत करावे.

कडांना अधिक का, हे शिक्षक बंधु-भगिनींना वर्गात दाखवता येईल. एकाच लाकडाचे दोन सारखे तुकडे घ्या. एकाची आडवी कापलेली टोके मेणाने बंद करा. दोन्ही तुकडे तोलून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, आणि सकाळी पुसून पुन्हा तोला. उघड्या टोकांचा तुकडा अधिक पाणी प्यालेला आढळेल. झाडात पाणी चढवणाऱ्या नळ्या त्या टोकांशीच उघड्या पडतात. मुलांना वनस्पतिशास्त्र आणि सुतारकाम एकाच वेळी समजेल.

लाकूड मुळातच टिकाऊ नसते, असे मात्र समजू नका. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेले 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज, मोठी डागडुजी होऊन, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर उभे आहे. लाकूड चांगले होतेच. पण त्याची निगाही राखली गेली.

आपल्या गावाजवळ, तलाठी कचेरीच्या पडवीत किंवा मच्छीमार संस्थेच्या आवारात, एखादी बोट पालथी पडलेली असेल. वर्षभर तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि पुराच्या रात्री मात्र दहा माणसांचा जीव तिच्यावर ठेवला जातो. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. मृगाचा पाऊस पडण्याआधी एक दाभण घेऊन तिच्याकडे जाऊन या.