विस्तव विझल्यानंतर

महाराष्ट्रातील जुन्या घरांत रात्रीची जेवणे आटोपली तरी एक काम उरत असे. निखारे राखेखाली झाकले जात, चुलीवरून पोतेरे फिरे आणि मगच गृहिणी अंथरुणाकडे वळे. विस्तव पेटविणे ही अर्धी विद्या. तो विझल्यावर चुलीची निगा राखणे ही उरलेली अर्धी. चूल गेली, आणि तिच्याबरोबर ही दुसरी विद्याही मागे पडली. चेन्नईच्या गच्चीवर गंजत उभी असलेली गॅसची बार्बेक्यू शेगडी याचीच साक्ष देते.

ही शेगडी मूळची अमेरिकेची. शिकागोच्या वेबर ब्रदर्स या धातुकामाच्या कारखान्यातील जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाच्या घडणीवरून झाकणाची गोल शेगडी बनविली. ती कोळशाची होती. त्याच घराण्यातील गॅसच्या शेगड्या पुढे घरोघरी गेल्या. बोयाच्या या वंशजाला समुद्र मात्र मानवत नाही. बेझंटनगर किंवा नीलांगरै येथे वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, आणि स्टेनलेस स्टीलवरील अदृश्य संरक्षक थर त्यातील क्लोराइडमुळे जागोजागी फुटतो. तमिळनाडूतच कारैक्कुडी येथे १९५३ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय विद्युत्‌-रासायनिक संशोधन संस्थेने मंडपमच्या किनाऱ्यावर धातूंचे नमुने उघड्या हवेत ठेवून या गंजाचा अभ्यास केला आहे. घरच्या शेगडीचीही तशीच परीक्षा रोज चालू असते. शेगडी वापराने जितकी झिजते, त्याहून अधिक ती नुसती उभी राहून झिजते.

स्वच्छतेची वेळ भाजणे संपताच येते. झाकण लावून ज्योत आणखी दहा मिनिटे मोठी ठेवली, की जाळीवरचे चिकट कण जळून कोरडे होतात. मग आधी सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद करावा, आणि नळीतील उरलेला गॅस संपून ज्योत मालवली की शेगडीच्या कळा फिरवाव्यात. जाळी कोमट असतानाच घासावी. पण तारेचा ब्रश टाळावा. त्याची तुटलेली तार अन्नातून पोटात जाऊन इजा झाल्याची प्रकरणे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये नोंदविली आहेत. चेन्नईत नारळाची शेंडी सहज मिळते आणि ती हे काम उत्तम करते. धुण्यासाठी मात्र गोडेच पाणी हवे; किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचे पाणी खारे असते. जाळी पुसून कोरडी झाल्यावर तिळाच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. खालच्या तबकात साचलेली चरबी त्याच दिवशी काढावी. ती पेटली तर गॅस बंद करून झाकण लावावे, पाणी कदापि ओतू नये.

येथवर प्रश्न शेगडीच्या आयुष्याचा होता. पुढे तो माणसांच्या जिवाचा आहे. निळी ज्योत पिवळी पडू लागली, म्हणजे बर्नरला हवा पुरेशी मिळत नाही. याचे कारण पुष्कळदा एखादा कोळी असतो. बंद पडलेल्या बर्नरच्या नळीत तो जाळे विणतो, गॅस अडतो आणि भलत्याच ठिकाणी बाहेर पडून पेट घेतो. कोळ्याला क्षुल्लक समजण्याचे कारण नाही. २०११ मध्ये माझ्दा कंपनीने उत्तर अमेरिकेतील सुमारे ६५,००० मोटारी कोळ्यांच्या जाळ्यांमुळेच तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. तेव्हा दीर्घ विश्रांतीनंतर शेगडी पेटविण्यापूर्वी बर्नर काढून नळी आतून साफ करावी. रबरी नळी वाकवून भेगा पाहाव्यात, आणि पाच वर्षांनी ती चांगली दिसली तरी बदलावी. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले असता बुडबुडे आले, तर गॅस गळतो आहे. ही परीक्षा काडी ओढून करणे म्हणजे अपघातालाच आमंत्रण होय.

चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. त्यापूर्वी शेगडी कोरडी करून आडोशाला न्यावी. ओल्या शेगडीवर घट्ट प्लॅस्टिक बांधले, तर ओल आतच कोंडते. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ शहरावर आले, तेव्हा मोठमोठे वृक्ष उन्मळून पडले. अशा वाऱ्यात गच्चीवरची मोकळी शेगडी शेजाऱ्यांच्याही जिवावर उठू शकते. सिलिंडर वेगळा करून, टोपण लावून, उभा आणि मोकळ्या हवेत ठेवावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो. पाऊस लागला म्हणून पेटती शेगडी घरात किंवा काचा लावलेल्या सज्जात आणणे तर प्राणघातक ठरू शकते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

या कामांपैकी एकही अवघड नाही. अडचण असलीच तर ती वेगळीच आहे. गच्चीवर पाहुण्यांसमोर भाजणाऱ्याचे कौतुक होते. दुसऱ्या दिवशी चरबीचे तबक घासते ती बहुधा घरातली अथवा कामाला येणारी बाई, आणि नळी, सांधे, बर्नर यांकडे तर कोणीच पाहत नाही. जुन्या चुलीला निदान एक मालकीण होती. या नव्या शेगडीचाही एक धनी ठरला पाहिजे, आणि जो ती हौसेने पेटवितो त्यानेच ते धनीपण पत्करावे, हे न्याय्य होईल.